भोकांची पेटी

काल दुपारी सुनेनं माळ्यावरची माझी लग्नातली पेटी खाली काढली. श्रावण लागला की सोलापूरचं ऊन जरा माणसात येतं, तेवढ्यात लुगड्यांना वारा द्यावा असा तिचा बेत. पेटी सागवानी, कड्या पितळी, अजून एक फळी हललेली नाही. तिनं झाकण उघडून उजेडाकडं धरलं आणि थबकली. झाकणातून उन्हाचे ठिपके तिच्या तोंडावर पडले.

"आत्याबाई, पेटीला एवढी भोकं कशी हो? वाळवी लागली होती का?"

"वाळवी नव्हे गं बाई," मी म्हटलं, "मास्तर लागले होते."

ती हसली, पण नेहमीसारखं नाही. हाताला सकाळीच लावून धुतलेली मेंदी, आणि नजर सारखी दाराकडं. माझ्या सुनेला भाऊ नाही. वडील थकलेले, अक्कलकोटच्या पलीकडं खेड्यात असतात, त्यांना आता गाडीचा प्रवास झेपत नाही. नागपंचमीला लेकीला न्यायला माहेराहून जो येतो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. तो भाऊच असायचा, ही रीत. भाऊ नसला तर लेकीनं दाराकडं बघायचं नाही हेही रीतीतच येतं, पण डोळ्यांना ते कोण सांगणार? मला ती नजर ओळखू येते, कारण एका श्रावणात ती माझ्या डोळ्यांत होती.

बोळाच्या तोंडाशी गारुड्याची पुंगी वाजली तेव्हा सून वाटीत दूध घेऊन उठली होती. म्हटलं, बस खाली, ते मांजराला घाल. साप दूध पीत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी सापांबरोबर संसार केलाय.

भवानी पेठेत मी नांदायला आले ती लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्याच्या तोंडाशी. लग्न जमवताना आईला एवढंच सांगितलेलं, की मुलगा मास्तर आहे आणि तंबाखूसुद्धा खात नाही. दोन्ही खरं होतं. बाकीचं कुणी विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही. खाली घरमालकीण नरसाक्काचे माग, वर आमच्या दोन खोल्या. नरसाक्का तेलंगी विणकरांची, अंगानं भरलेली, नवऱ्यामागं चार माग आणि घरदार एकहाती चालवणारी बाई. दिवसभर खालून मागाची खटखट यायची, आणि गिरणीचा भोंगा झाला की मी चहाचं आधण ठेवायची.

पहिल्या दिवशी रांजणातून पाणी घ्यायला गेले तर मास्तर म्हणाले, "त्यातलं नको, त्यात कासव आहे." मिठाची बरणी शोधायला फळीवर हात घातला तर शेजारच्या खोक्यात वाळू, आणि वाळूत मांडूळ. लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. तोंड त्याला एकच असतं, शेपूट बोथट असते इतकंच. खाटेखाली एक घोरपड होती, पायाला जखम झालेली. तिला हे कच्चं अंडं फोडून भरवायचे, आणि मला म्हणायचे, "भिऊ नको, तीच तुला भिते." मी म्हटलं, बरंय, म्हणजे या घरात आम्ही दोघी भिऊन राहणार.

आणि मग ती धामण. चार हात लांब, अंगावर पिकल्या बाभळीच्या शेंगेसारखा रंग. देगावच्या वाटेवर एका बाजरीच्या रानात लोक तिला काठ्यांनी मारत होते. गाईच्या पायांना विळखा घालून ही दूध पिते, असा तिच्यावर आळ. मास्तरांनी मधे पडून तिला धोतराच्या सोग्यात घालून घरी आणली. रांजणात ती मावेना. त्यांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं, "तुझी पेटी मोठी आहे, नाही?" नवी नवरी मी. लुगडी काढून दांडीवर टाकली. मग त्यांनी मागाच्या सुताराकडून गिरमिट आणून झाकणाला भोकं पाडली. एकेका भोकाची कड काचकागदानं घासत बसले, का तर तिचं नाक खरचटू नये. माझ्या बांगड्यांना टवका गेला होता ते मात्र त्यांना दिसलं नव्हतं.

गल्लीनं या सगळ्याशी कधीच तडजोड करून टाकली होती. कुणाच्या पिंजऱ्यात उंदीर सापडला की पिंजरा आमच्या दाराशी यायचा. शेजारणीनं विरजणाची वाटी आणावी तशा बायका पिंजरे आणायच्या. "मास्तरीणबाई, उंदीर घ्या." मीही मग "बसा की, चहा टाकते" म्हणायला शिकले. वर फक्त नरसाक्का यायची नाही. जिन्याच्या खालूनच ओरडायची, "तुझा मास्तर पाम घेऊन झोपतंय आणि तू गप बसतंय! सावन संपला की खोली खाली करा." पाम म्हणजे साप. त्या वर्षी ती ते रोज म्हणायची.

शाळेत साप ठेवायची परवानगी नव्हती, आणायची होती. हेडमास्तरांचा हा निवाडा मला आजवर कळलेला नाही. एके दिवशी धड्याची वेळ आली आणि पिशवी घरीच राहिलेली. शाळेचा शिपाई आला, पण तो उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. शेवटी धामण पिशवीत घालायची वेळ माझ्यावर आली. म्हणजे मी पिशवीचं तोंड पेटीशी धरलं आणि ती आपणहून शिरली, हात मी लावला नाही. मग डोक्यावरून पदर, हातात पिशवी, अशी मी भवानी पेठेतून निघाले. शिपाई लांबून पुढं चालत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "सरका, बाई साप घेऊन आल्यात."

वर्गाच्या दाराशी मी भिंतीआड उभी राहिले. घरात चार शब्दांवर पाचवा न बोलणारा हा माणूस तिथं केवढा बोलत होता. त्यांची रीत अशी, की साप बाहेर काढण्याआधी सगळ्या पोरांना डोळे मिटायला लावायचे. मग ज्याचं त्यानं धीर धरून हात पुढं करायचा. "डोळे उघडे असले की हात आखडतो. मिटून बघा, हाताला काय लागतं ते हातालाच ठरवू दे." एकेक पोर चाचपडत हात लावी आणि त्याच्या तोंडावर आश्चर्य उमटे. "मास्तर, गार हाय की. आन वलं न्हाय." मग डोळे उघडायचे. मग कुणाला विष असतं, कुणाला नसतं, चावला तर मांत्रिकाकडं वेळ न घालवता दवाखाना कसा गाठायचा, हे सगळं. ते म्हणायचे, सापानं मरतात त्याच्याहून घाबरून मरतात ते जास्त, आणि घाबरून मारतात त्यांची तर गणतीच नाही. मी घरी परतले ती जरा ताठ चालत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आईनं मला बऱ्या ठिकाणी दिलंय.

पण श्रावण लागला आणि माझं मन ताळ्यावर राहीना. पहिली पंचमी माहेरी. लग्न झालेल्या कुठल्याही पोरीला विचारा, दिवाळी चुकली तर चालते, ही चुकायला नको वाटते. बार्शीजवळच्या आमच्या गावी आई एकटी. वडील मागंच गेलेले, चुलत्यांशी वाटणीवरून बोलणं तुटलेलं, आणि मला ना सख्खा भाऊ ना चुलत. लहानपणी बाकीच्या पोरी पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, भावाचा उपास धरायच्या तेव्हा मी रडायची. आई मला गावाबाहेरच्या वारुळाशी घेऊन जायची. म्हणायची, "कोण म्हणतं तुला भाऊ न्हाय? ह्यो हितं राहतोय की. लाह्या टाक, आन त्याच्या नावानं उपास धर." मी लहान होते तोवर ते पटलं. सासरी आल्यावर कळलं, की वारुळातला भाऊ न्यायला येत नाही.

समोरच्या घरातल्या सुनेचा मुराळी आला, कोपऱ्यावरच्या लेकीचा आला. नरसाक्का सुताच्या कांड्या भरता भरता खालून विचारायची, "तुझा मुराळी कवा येतंय गं?" मी चुलीत फुंकत बसायची. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायला चूल फार सोयीची. मास्तरांचं सगळं लक्ष धामणीकडं. तिचं खाणं बंद झालेलं, अंग मळकट पडलेलं, डोळ्यांवर दुधासारखी साय आलेली. कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांत असं दूध उतरतं आणि त्याला दिसेनासं होतं. हे शाळेतून आले की टोपीसुद्धा न काढता पेटीपाशी बसायचे. "तिला एकटं वाटत असेल का गं? आपल्या जागेवर असती तर खरखरीत दगडाला अंग घासलं असतं तिनं. बाजरीचं रान, कडेच्या बांधाला दगडी ताल, सगळं होतं तिथं."

माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. मी म्हटलं, "त्या धामणीचं माहेर तरी ठाऊक आहे तुम्हाला."

एवढंच म्हटलं आणि भाकरी थापायला लागले. ते जेवले, ताट उचललं. पुन्हा पेटीपाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी कुठूनसा एक खरखरीत दगड आणून पेटीत ठेवला. मी मनात म्हटलं, घ्या, दगड आला, म्हणजे बोललेलं कळलं ते धामणीपुरतंच.

तिजेच्या दुपारी शाळेची वेळ चालू असताना जिना वाजला. दारात कुणीतरी उभं. डोक्याला मोठा फेटा, अंगात लग्नातला कोट, काखेत पिशवी, पायांत वहाणा तशाच. मी पदर सावरून पुढं झाले आणि बघते तर आमचेच हे. फेटा कानावर आलेला. एरवी टोपी घालणारा माणूस, फेटा बांधायची सवय कुठली?

"आत या की," मी म्हटलं.

"नाही. मुराळी बाहेरून यावा लागतो म्हणे. मी शाळेतून आलोय, ते बाहेरच झालं." मग घसा साफ करून, उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या, म्हणाले, "आईंनी बोलावलंय. चला."

मला जन्मात कधी "चला" म्हटलं नव्हतं त्यांनी, कायम "चल". मी तशीच उभी. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही झालं. खालून नरसाक्का जिन्याशी आलेली. तिनं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "अम्मा, मोगुडूच मुराळी झाला की गं." मोगुडू म्हणजे नवरा. नवऱ्यानं बायकोला माहेरी न्यायला मुराळी म्हणून यायचं, हे कुणी ऐकलं नव्हतं. गल्ली हसली, आणि हसायला हवंच होतं. पण मुराळ्याला सासरच्या माणसानं गूळपाणी द्यावं लागतं, त्याशिवाय तो लेकीला नेऊ शकत नाही. आमच्या घरात सासरचं म्हणावं तर हेच एक माणूस, आणि ते मुराळी होऊन बाहेर उभं. आता पाणी कोण देणार यावर आम्ही दोघं खुळ्यासारखे एकमेकांकडं बघत राहिलो. तेवढ्यात नरसाक्का खाली गेली आणि पितळी तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन जिना चढून वर आली. आमच्या खोल्यांत साप आल्यापासून ती जिना चढलेली मी पाहिली ती त्याच दिवशी.

गूळ तोंडात असतानाच मास्तर तिला म्हणाले, "अक्का, पंचमी करून येतो. यांचं बघाल का? नुसतं पाणी बदलायचं. दूध मात्र कुणाला घालू देऊ नका." नरसाक्कानं पेटीकडं बघून पदर खोचला. मग म्हणाली, "पंचमीला तो देव असतंय. देवाला कोण भितंय? षष्ठीला या मात्र."

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून बार्शीची छोटी गाडी धरली, पुढं बैलगाडी. मास्तर वाटभर फेटा सावरत होते. गावाच्या शिवेवरच्या लिंबाखाली आई उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी उभी होती. पोरी माहेरी येण्याच्या दिवशी तिनं तिथं उभं राहायचं नाही तर कुणी? तिनं गाडीत मला पाहिलं, मग इकडंतिकडं पाहिलं. "मुराळी कोन हाय?"

"मीच," मास्तर म्हणाले.

आई पुढं आली. जावयाच्या पाया पडायला वाकली, त्यांनी धरली. मग बाजूला होऊन पदराला डोळे पुसले आणि गाडीवानाला म्हणाली, "बगितलंस का रं? माज्या लेकीला न्ह्याया-आनाया मानूस हाय."

पंचमीला गावच्या बायका वारुळाला निघाल्या. मागून जावई. वारूळ वाळवीनं बांधलेलं असतं, नाग त्यात नंतर राहायला येतो, हे त्यांनी तिथंच सगळ्यांना समजावून सांगितलं. आई म्हणाली, "असंल की. वाळवीनं बांदलं, राहिला दुसराच. तुमी न्हाई का आयत्या बिळावर नागोबा, मुराळ्याचा मान घेऊन बसलाय." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तरही हसले, आणि त्यांचा फेटा सुटला. मी वारुळापुढं लाह्या टाकल्या. त्या वर्षी मी कुणासाठी काही मागितलं नाही. मग झोक्यावर चढले, तो असा उंच गेला, की लिंबाचा शेंडा पायाला लागला. घरी परत आल्यावर आईनं पुरणाची दिंडं वाढली. चिरणं, तळणं त्या दिवशी वर्ज्य, सगळं उकडलेलं. मास्तरांनी किती खाल्ली ते आईनं पुढं जन्मभर सांगितलं.

षष्ठीला परतलो तर आमच्या दाराशी नरसाक्का फतकल मारून बसलेली, हातात मागाचा धोटा. पंचमीला अख्खी गल्ली दुधाच्या वाट्या घेऊन आली होती. जिवंत साप मास्तरांच्या घरात असताना भिंतीवरच्या चित्राला कोण पुजणार? नरसाक्कानं एकीलाही आत सोडलं नव्हतं. "मास्तर दूध नको बोलला म्हणजे नको." दूध वाया जाऊ न देता तिनं सगळ्या वाट्या एका पातेल्यात केल्या आणि खीर करून गल्लीतल्या पोरांना घातली होती. स्वतः मात्र पेटीच्या झाकणाला हळदकुंकू लावलं होतं, भोकांत पडणार नाही असं, भोकांच्या मधून मधून.

मास्तरांनी झाकण उचललं. आत अख्खी कात पडली होती, कुठं फाटलेली नाही, डोळ्यांच्या खपल्यांसकट. आणि तिच्याशेजारी धामण, नव्या पितळेसारखी लख्ख. त्यांनी ती कात दोन्ही हातांनी उचलून नरसाक्काला दिली. तिनं ती मागावरच्या तुळईला बांधली, वारा आला की हलायची. खोली खाली करा, हे तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही.

मग श्रावण संपायच्या आत एका सकाळी मास्तर म्हणाले, "हिला माहेरी पोचवून येऊ. मुराळी तू हो." टांग्यात पेटी ठेवून आम्ही देगावच्या वाटेला गेलो. बाजरी कमरेएवढी झालेली, दगडी ताल तसाच. टांगेवाला पार लांब जाऊन उभा राहिला. मी कडी काढली. इतके दिवस एका छपराखाली राहून मी तिला कधी शिवले नव्हते.

"डोळे मीट," मास्तर म्हणाले.

मी मिटले आणि हात आत घातला. गार, कोरडी, आणि केवढी जोरकस. ती माझ्या मनगटावरून सावकाश पुढं सरकत राहिली, संपतच नव्हती. मी डोळे उघडले तेव्हा बाजरीची धाटं हलत होती.

पुढं दर श्रावणात हे फेटा बांधून बाहेरून आले. पुढं घर बदललं, पोरं झाली, यांच्या केसांत पांढरं आलं, फेटा तोच आणि तसाच वाकडा. आई गेली त्या वर्षी मला वाटलं, आता काय. तर तिजेला दारात उभेच. त्या लिंबाखाली जाऊन बसलो, दुधात भिजवलेल्या दशम्यांची शिदोरी खाल्ली आणि परत आलो. पोरं जिन्यावर बसून ही गंमत बघायची. नरसाक्का होती तोवर दर वर्षी तिच्याच हातचं गूळपाणी. देवानं मला भाऊ दिला नाही याबद्दल माझं त्याच्याशी आता काही भांडण नाही. त्यानं हिशेब दुसरीकडून पुरा केला, जरा सापांसकट.

मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी हे सगळं काल सुनेला सांगितलं, लुगड्यांच्या घड्या करता करता. तिनं भोकांवरून बोट फिरवलं.

आज तीज. दुपारची चहाची वेळ. सून मागच्या गॅलरीत धुणं आवरत होती आणि जिना वाजला. मुलाच्या कचेरीची वेळ अजून संपलेली नव्हती. दार उघडंच होतं, पण तो आत येईना. डोक्याला फेटा, एका कानावर आलेला. बापासारखाच, बांधता येत नाही तर येत नाही.

"आत ये की," मी म्हटलं.

"नाही. मी बाहेरून आलोय." त्यानं घसा साफ केला आणि माझ्या खांद्यावरून आत बघून म्हणाला, "अक्कलकोटहून बोलावणं आहे. चला."

सून ओल्या हातांनी दाराशी आली. मेंदी चांगली रंगली होती. ती काही बोलायच्या आत मी गूळपाणी आणायला उठले.